वारुळावरचे ठिपके

“ए हमाला, झाला का माझा फोन चार्ज?”

म्वांतुमूने दारातून हाक मारली तेव्हा माझा वस्तरा शाळामास्तरांच्या गळ्यावर होता. मास्तरांनी डोळे घट्ट मिटून घेतले.

“व्हायचाय अजून,” मी म्हटलं. “फार खातो गं. तुझ्या माहेरावर गेलाय.”

“माझ्या माहेराचं नाव काढू नकोस. तुझा आजा आमच्या पेट्या डोक्यावर घेऊन किनाऱ्यापर्यंत चालत जायचा. त्या ओझ्यानं तुझी मान अजून वाकडी आहे, बघ आरशात.”

“वाहिल्या ना पेट्या! त्यातल्या एका पेटीत तुझी आजी बसलेली. माझा आजा इतका देखणा, की समुद्र आला तरी बाई उतरायला तयार नाही.”

मास्तर फस्सकन हसले आणि त्यांच्या हनुवटीखाली बारीक लाल रेघ उमटली. “तुम्हा दोघांच्या पायी एक दिवस माझा जीव जाणार,” ते म्हणाले. मी तुरटी लावली आणि मास्तरांना सांगितलं की याच वस्तऱ्याने मी एकदा झांझिबारच्या एका व्यापाऱ्याची दाढी केली, तर माणसाची दाढी तर गेलीच, त्याच्या सावलीचीसुद्धा गेली. बिचाऱ्याची सावली पुढे सहा महिने गुळगुळीत पडत होती. मास्तरांनी नेहमीप्रमाणे मान डोलावली. माझं खरं मानायची आमच्या क्वाम्बुयू गावात कुणाला सवय नाही.

मी न्यामवेझी जमातीचा, ती झिगुआ जमातीची. माझा बाप घायपाताच्या मळ्यात कापणीला म्हणून पश्चिमेकडून इकडे आला आणि इथलाच झाला. त्याने जन्मभरात इतका घायपात कापला, की त्याचा दोर वळला असता तर चंद्राला खाली ओढून अंगणात बांधता आला असता. तर न्यामवेझी आणि झिगुआ यांच्यात थट्टेचं नातं आहे. आम्ही एकमेकांचे म्तानी. माझ्या जन्माच्या कितीतरी आधीपासून हे ठरलेलं. म्तानीने म्तानीला वाटेल ते बोलावं, त्याच्या अंगणातली कोंबडी उचलून न्यावी, चारचौघांत त्याची अब्रू काढावी, आणि समोरच्याने रागवायचं नाही. आणि म्तानी मेला, की दुसऱ्याने त्याच्या कबरीत उतरून आडवं व्हायचं, घरच्यांनी हातात काहीतरी ठेवल्याशिवाय वर यायचं नाही, आणि तोवर मेलेल्याची अशी निंदा करायची, की रडणाऱ्यांना हसू फुटलं पाहिजे. हे करणारा कुणी नसेल तर मेलेल्या माणसाचा कमीपणा.

मी आणि म्वांतुमूने फार वर्षांपूर्वी ठरवलं होतं, की मीच आधी मरणार आणि ती माझ्या कबरीत उतरणार. काय काय बोलायचं ते तिचं पाठ होतं. अधूनमधून म्हणून दाखवायची.

---

म्वांतुमू आमच्या गावची आरोग्यसेविका. एकोणीस वर्षं. नवरा लवकर गेला, मूल नव्हतं, थोरली बहीण तातू आणि ती अशा दोघीच राहायच्या. टायर कापून केलेल्या चपला, डोक्याला खांग्याचं रंगीत कापड गुंडाळलेलं, काखेत शाळेची अठ्ठेचाळीस पानी वही. त्र्याऐंशी घरं. ती चालायची किती, हे मी सांगितलं तर तुम्ही म्हणाल म्हातारा पुन्हा सुरू झाला, म्हणून फक्त एवढंच सांगतो की तिच्या चपला मीच शिवत होतो आणि दर दोन महिन्यांनी तळाला पाऊलवाट दिसायची.

तिचा शब्द म्हणजे शब्द. “या पोराला आज हंडेनीच्या इस्पितळात न्या,” असं तिने म्हटलं, की बाप कुदळ जागच्या जागी टाकायचा. का, कशाला, उद्या नेलं तर चालेल का, हे कुणी विचारायचं नाही. ज्या गावात माझ्यासारखा माणूस दिवसभर बोलत बसतो, त्या गावाला एक तरी अशी बाई लागते.

मग गावात अभ्यास आला.

बाहेरदेशच्या लोकांचं आरोग्यावरचं संशोधन होतं ते, पण आम्ही त्याला अभ्यासच म्हणायचो, माणसाचं नाव असल्यासारखं. अभ्यास सोमवारी येणार, अभ्यासाची गाडी चिखलात रुतली. अभ्यासाने म्वांतुमूला एक फोन दिला. त्यात प्रत्येक घराचे बत्तीस प्रश्न. आणि शेवटी एक लाल चौकोन. बाळंतीण अडली, पोराला झटके आले, की तो दाबायचा. हंडेनीहून गाडी येणार, भाडं अभ्यासाचं. त्या चौकोनासाठी म्वांतुमूने बाकीचे बत्तीस प्रश्न सोसले.

कारण ते प्रश्न आमच्याकडे विचारायचे नव्हतेच. पहिलाच प्रश्न: मुलं किती? आता आमच्यात पोरं मोजत नाहीत. मोजलेलं पोर कुणाच्या तरी ध्यानात येतं, आणि ते ध्यानात येऊ नये अशाच कुणाच्या तरी येतं. म्वांतुमू मोजायची, पण विचारून नाही. ओसरीत बसायची, चहा घ्यायची, मक्याचं बोलायची, आणि नजर मांडवावर वाळत घातलेल्या ताटल्यांवर. परवा सात होत्या, आज सहा, तर सातव्या ताटलीचा धनी आत का निजलाय? उठून आत जायची. पहिल्या आठवड्यात तिने घरात फोन काढून पाहिला. त्याचा उजेड पडला तशी घरातली माणसं गप्प झाली, आईने पोरांना मागच्या दाराने बाहेर काढलं. तेराव्या घरी मयत होती. मयतीच्या चटईवर बसायचं असतं आणि गप्प राहायचं असतं. तिथे पेटता फोन हातात धरून ‘घरात गेल्या महिन्यात कुणी वारलं का’ विचारणारी म्वांतुमू नव्हती.

म्हणून तिने आपली वही काढली. घरात बसून बघायचं, बाहेर येऊन वहीत दोन ओळी लिहायच्या, आणि शुक्रवारी नमाजानंतर वारुळावर जाऊन सगळं फोनमध्ये भरायचं. वारूळ, कारण क्वाम्बुयूत रेंज तेवढ्या एकाच जागी. गावामागच्या उंचवट्यावर गोरखचिंचेजवळ ते आहे, दोन पुरुष उंच. वर बसायला म्वांतुमूच्या बैठकीपुरती खोलगट जागा झालेली. दर शुक्रवारी ती तिथे बसून उन्हं कलेपर्यंत बोटं चालवायची. पायथ्याशी सायकल टेकून मी ओरडायचो, “मुंग्यांची राणी आज दरबारात आहे का?” वरून माती यायची डोक्यावर.

फोन एक गोष्ट मात्र न विचारता लिहून घेत होता: आपण कुठे आहोत ते.

---

ग्लॅडनेस नावाची पोरगी अभ्यासाची बाई होती. दारेसलामहून आलेली, मूळची पारे डोंगरातली. हसरी, अंगाने भरलेली. माझ्या दुकानात आली, छोटं यंत्र टेबलावर ठेवलं, लाल दिवा लागला.

“आजोबा, गावातल्या काही लोकांशी बोलायचंय. तुमचं नाव लिहीत नाही. नुसतं वय आणि धंदा.”

“वय लिही एकशे चार. धंदा, सुंदर बायकांना नकार देणे.”

“सदुसष्ट, न्हावी,” ती हसत म्हणाली आणि लिहिलं. “बरं, आरोग्यसेविका म्वांतुमू तुमच्या घरी येतात का?”

आता ऐका. म्वांतुमू दारापाशीच उभी होती, मोठ्या फणीने केस विंचरत, कान इकडे. परक्या माणसाने म्तानीला म्तानीबद्दल विचारावं आणि म्तानीने चांगलं बोलावं, यापेक्षा मोठी शिवी आमच्यात नाही. चांगलं बोललो असतो तर तिने मला उभं सोडलं नसतं.

“ती?” मी म्हटलं. “ती कशाला कुणाच्या घरी येतेय! दिवसभर त्या वारुळावर बसते, मुंग्यांचा ताप मोजते. सगळी घरं तिथूनच भरते, मनानं. मागच्या महिन्यात तिनं माझी शेळी गरोदर म्हणून लिहिली, आणि शेळीच्या नवऱ्याला सल्ला दिला. तिच्या पायांना गावची वाटसुद्धा माहीत नाही.”

“तुझी जीभ कापून बदकांना घालीन!” दारातून आवाज आला. “बदकं मरतील आणि मग त्यांचं पाप माझ्या माथी!”

ग्लॅडनेसला हसता हसता ठसका लागला. डोळे पुसत म्हणाली, “आमच्या पारे लोकांचं चागा जमातीशी असंच चालतं. माझ्या आजीच्या मयतीत त्यांनी भांड्यांसकट जेवण पळवलं होतं.” आणि यंत्र बंद केलं. म्हणजे तिलाही कळत होतं. सगळ्यांनाच कळत होतं. जाताना म्वांतुमू माझ्या टेबलावरचा साबण उचलून घेऊन गेली, तो तिचा हक्कच होता.

---

मक्याची कापणी संपली आणि ग्लॅडनेस परत आली. या वेळी हसरी नव्हती. तिच्याबरोबर गावच्या अध्यक्षांचा जावई सेलेमानी होता, नवीन पांढरा शर्ट घालून. गोरखचिंचेखाली बाकं मांडली. म्वांतुमूला बोलावलं. मी आपण होऊन गेलो; न्हाव्याला कुठेही जायला बोलावणं लागत नाही.

ग्लॅडनेसने एक मोठा कागद उलगडला. आमच्या गावचा नकाशा होता तो, वरून पक्ष्याने पाहावा तसा. त्यावर शेजारच्या गावांच्या घरांवर विखुरलेले निळे ठिपके. आणि क्वाम्बुयूची सगळी घरं कोरी. फक्त मागच्या उंचवट्यावर एकच काळानिळा डाग, शाई सांडल्यासारखा.

“हे चारशे बारा ठिपके आहेत, एकावर एक,” ग्लॅडनेस म्हणाली.

म्वांतुमूने वाकून पाहिलं. “माझं वारूळ,” ती म्हणाली. ओळखीची जागा कागदावर दिसली म्हणून तिला आधी बरंच वाटलं असावं.

“प्रत्येक भेट त्या त्या घरात भरायची होती ना, माई.”

“घरात रेंज कुठे आहे, पोरी? आणि घरात फोन काढला की माणसं मुकी होतात. मी घरी जाऊन बघते, वहीत लिहिते, मग वारुळावर भरते. ही बघ वही.”

ग्लॅडनेसने वही घेतली, पानं चाळली, जपून परत दिली. “वही अभ्यासात नाही, माई. अभ्यास फोनचा आहे. फोन वापरला तर काय होतं, एवढंच बघायचंय त्यांना.” मग ती खालच्या आवाजात वाचू लागली, कारण वाचायचं तिला सांगितलेलं होतं. “शिवाय गावातल्या एका व्यक्तीचा जबाब. पुरुष, सदुसष्ट, न्हावी. ‘ती कुणाच्या घरी येत नाही. दिवसभर वारुळावर बसते. सगळी घरं तिथूनच मनाने भरते. तिच्या पायांना गावची वाट माहीत नाही.’”

शेळी त्यात नव्हती. बदकं नव्हती. कुणीतरी सगळं धुऊन, पिळून, घडी घालून ठेवलं होतं.

“अगं, हा माझा म्तानी आहे!” म्वांतुमू म्हणाली.

“मला माहीत आहे.”

“मग?”

ग्लॅडनेस कागदाची घडी करत राहिली. फोन सेलेमानीला द्यायला सांगितला. म्वांतुमूने तो देण्यापूर्वी खांग्याच्या टोकाने पुसला. तिने माझ्याकडे पाहिलं, मी तयार होतो, हमाल म्हणेल, गाढव म्हणेल, माझ्या आज्यापासून सुरुवात करील. ती वही काखेत मारून चालू लागली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्या बाईने मला शिवी दिली नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात आली. बाकावर बसली. म्हणाली, “कसांडा.” तिने मला नावाने हाक मारलेली मला आठवत नाही. “फोन गेला तर जाऊ दे. पण ते लिहिलंय, की मी जात नव्हते. ते तेवढं जाऊन खोडून ये.”

---

हंडेनी आमच्यापासून त्रेपन्न किलोमीटर. इतर वेळी मी सांगितलं असतं की वाटेत सिंहाने सायकलची घंटा वाजवली. पण त्या दिवशी वाटेत काहीच झालं नाही. ग्लॅडनेस एका खोलीत पंख्याखाली बसली होती. मला पाहून उठली, सोडा मागवला.

“मी थट्टा केली,” मी म्हटलं. “तुझ्यासमोर केली. तू हसलीस.”

“हसले, आजोबा. मी तिथे कंसात लिहिलंसुद्धा होतं, सगळे हसतात म्हणून. आणि खाली लिहिलं होतं तुमचं नातं. वर पाठवताना कंस काढतात. उगाच लांबण लागते म्हणे.”

“मग आता घाल परत.”

“ते पार बाहेरदेशी गेलं. तिथे ते वाचणाऱ्याला म्तानी म्हणजे काय हे सांगायला मला एक अख्खं पान लागेल, आणि रकाना आहे एवढा.” तिने बोटाने दाखवला. करंगळीच्या नखाएवढा.

“मग माझा दुसरा जबाब घे. खरा.”

तिने यंत्र लावलं. लाल दिवा लागला. मी जन्मात एवढं सरळ बोललो नव्हतो. म्हटलं, म्वांतुमू त्र्याऐंशी घरी जाते. माझ्या घरी दर बुधवारी येते, दंडाला पट्टा बांधून माझा रक्तदाब बघते. मी गोळी घेतली का विचारते. घेतली नाही तर घेतेपर्यंत उभी राहते. बोलता बोलता मला घाम आला. खरं बोलण्याची सवय नसली की ते जड जातं, नव्या चपलेसारखं.

“आणि तुमचं त्यांच्याशी नातं?” ग्लॅडनेसने शेवटी विचारलं. या वेळी कागदावर तो प्रश्न नवीन आला होता.

“म्तानी,” मी म्हटलं.

तिने पेन खाली ठेवलं. पुढे महिन्याभराने उत्तर आलं, तेही तिनेच फोन करून सांगितलं, बिचारीचा आवाज बसला होता. दुसऱ्या जबाबातला माणूस बाईच्या नात्यातला आहे, म्हणून त्याचं धरता येत नाही. पहिल्या जबाबातला माणूस नात्यातला नव्हता, म्हणून ते राहील.

---

सेलेमानी वाईट माणूस नव्हता. मोटारसायकल होती, प्रत्येक घरापाशी न्यायचा, इंजिन चालू ठेवून अंगणाबाहेरून फोन धरायचा. फोन ती जागा टिपून ठेवायचा, आणि रात्री रेंजमध्ये आला की सगळं एकदम वर जायचं. हे फोनला आधीपासूनच येत होतं, म्वांतुमूला कुणी दाखवलं नव्हतं एवढंच. “सगळे बरे आहात ना?” तो ओरडायचा. आतून आवाज यायचा, “बरे आहोत!” आमच्याकडे त्या प्रश्नाला दुसरं उत्तर नाही. मरणारा माणूससुद्धा आधी बरा आहे म्हणतो, मग बाकीचं सांगतो. पण ते बाकीचं ऐकायला सेलेमानी थांबलेला नसायचा. क्वाम्बुयूच्या नकाशावर त्र्याऐंशी घरांवर त्र्याऐंशी ठिपके पडले, रांगोळीसारखे. ग्लॅडनेसच्या वरचे लोक खूश झाले असं ऐकलं.

म्वांतुमू वही घेऊन हिंडतच राहिली. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी अडवलंही नाही. पण काहीतरी बदललं होतं. ती “आज न्या” म्हणाली, की लोक म्हणायचे, “हो हो, सेलेमानीला विचारतो.” कारण गाडी त्याच्याकडे होती. आणि कारण नकाशा सगळ्यांनी पाहिला होता.

गावातल्या झैनाला आठवा महिना चालू होता. म्वांतुमू तिच्या ओसरीत बसली तेव्हा झैनाने चपला घातल्या नव्हत्या. दाराशी पडलेल्या चपलांत आता तिचे पाय मावत नव्हते. पट्टा बांधला, दाब भलताच चढलेला. म्वांतुमू भर दुपारी माझ्याकडे धावत आली. तिला मी धावताना कधी पाहिलं नव्हतं.

“सायकल काढ. सेलेमानी कुठाय?”

“बाजाराला, किलिंडीकडे.”

तिला मागे बसवून मी वारुळापर्यंत सायकल मारली. ती वर चढली, मी माझा फोन खालून दिला. तिने अभ्यासाचा नंबर लावला, आणि मला खालून तिचा आवाज ऐकू येत होता. आधी मोठा, मग आणखी मोठा, मग एकदम शांत.

“काय म्हणाले?”

“नाव विचारलं. सांगितलं. यादीत नाही म्हणाले.” ती वरून खाली बघत होती. “म्हटलं, बाई मरेल. ते म्हणाले, यादीतल्या माणसाला सांगायला सांगा. ते म्हणाले, त्याने सकाळीच त्या घरी भेट दिलीय, सगळं ठीक लिहिलंय.”

झैनाला दोरीच्या खाटेवर घालून आठ जणांनी उचललं. रस्त्याला लागेपर्यंत तिला झटके येऊ लागले होते. एक मालट्रक थांबला. आई गेली, पोर गेलं, घायपाताच्या जुन्या मळ्यापाशी, उन्हं कलताना. म्वांतुमूने त्या दिवशीही वहीत दोन ओळी लिहिल्या. मी पाहिल्या नाहीत.

त्यानंतर ती मला शिव्या द्यायची, पण कामापुरत्या, उरकल्यासारख्या. मी पेटीतल्या आजीचं काढलं की ती म्हणायची, “झालं का तुझं?” मी रोज नवीन काहीतरी रचायचो. एकदा सांगितलं, की मुंग्यांनी अर्ज केलाय, राणी परत पाठवा. ती बाकावर बसून रस्त्याकडे बघत होती.

---

म्वांतुमू आधी गेली. करार मोडला. पाऊस संपता संपता, गावातल्या सेम्हांडोच्या घराच्या आणि विहिरीच्या मधल्या वाटेवर सकाळी पडलेली सापडली, वही काखेत तशीच. डोक्यातली शीर फुटली म्हणाले. त्र्याऐंशी घरांच्या दंडांना तिने पट्टा बांधला. तिचा दंड धरायला कुणी नव्हतं.

दुपारच्या नमाजानंतर पुरुषमंडळी कबरीपाशी जमली. बायका लांब, चिंचेखाली. खणणारे घाम पुसत बाजूला झाले आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. जबाबाच्या वेळी मी सदुसष्टचा होतो, आता एकोणसत्तरचा. दोघांनी हात देऊन मला खाली उतरवलं. माती गार होती. मी आडवा झालो. वर आकाशाची एक पट्टी आणि कडेने डोकी.

“बोल, म्तानी!” कुणीतरी म्हणालं.

काय बोलायचं ते माझ्याकडे कमी होतं का? पण वारूळ तोंडात आलं आणि तिथेच थांबलं. म्हणून मी दुसरं बोललो.

“ही बाई,” मी खालून ओरडलो, “एकोणीस वर्षं प्रत्येक घरी गेली. पायी गेली. एकही घर चुकवलं नाही. एक शब्द खोटा लिहिला नाही. खोटं मी बोललो. ऐकताय का? मी खोटा, ती खरी!”

आधी सेम्हांडोला हसू फुटलं. मग मास्तरांना. मग सगळ्या कडेने हसण्याचा लोंढा आला. म्तानीने मेलेल्याची एवढी स्तुती करावी, इतकी धडधडीत थट्टा त्यांनी आजवर ऐकली नव्हती. चिंचेखालून बायकांचंही हसणं आलं. सेलेमानी पोट धरून मागे सरकला. “अजून, अजून!” लोक म्हणाले.

“खरं सांगतोय!” मी ओरडलो.

ते आणखी हसले. मयत शोभली असं नंतर सगळे म्हणत होते.

घरच्यांनी हातात काहीतरी ठेवल्याशिवाय वर यायचं नसतं. कोंबडी द्यायची असते. तातूकडे कोंबडी नव्हती. तिने पुरुषांच्या हातून एक प्लॅस्टिकची पिशवी खाली पाठवली. मी ती घेतली आणि वर आलो, आणि मग त्यांनी म्वांतुमूला खाली ठेवलं.

पिशवीत वह्या होत्या. सगळ्या नव्हत्या, शेवटच्या दोन. घरी येऊन दारात बसून मी त्या उघडल्या. त्र्याऐंशी घरं, दोन दोन ओळी, बारीक अक्षर. कुणाच्या किती ताटल्या, कोण निजलंय, कुणाचं पोर चालायला लागलं. फोन गेल्यानंतरच्याही सगळ्या. माझं घर दर बुधवारी. शेवटची ओळ ती पडली त्याच्या आदल्या बुधवारची होती.

‘न्हावी. दाब १७०. गोळी घेतली म्हणतो. घेतलेली नाही.’

मी आत गेलो. माठातलं पाणी घेतलं आणि गोळी घेतली. खरंच घेतली.